कॉन्सेप्टाचा नारिंगी कोट

कॉन्सेप्टा चिडली की आंबोली गावठाणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प बसत. आवाज असा, की भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूस दचकून उठावा. देवाने गळा दिला होता, रंगमंच तेवढा दिला नाही. त्याऐवजी दिला साकीनाक्याचा रेनकोटचा कारखाना. कोटाच्या शिवणीवर आतून रबराची पट्टी चिकटवायची, म्हणजे टाक्यांतून पाणी झिरपत नाही. या कामात तिची तरुणपणाची वर्षं गेली, आणि ब्याऐंशी साली मालकाने एक दिवस फाटकाला कुलूप लावलं.

बाकीच्या बायका फाटकाशी रडत बसल्या. कॉन्सेप्टा थेट मालकाच्या दारात उभी राहिली आणि अख्खी बिल्डिंग गॅलरीत येईपर्यंत बोलली. परत आली ती थकलेल्या पगाराच्या बदल्यात टेम्पोत दोन मशिनं आणि नारिंगी कापडाचे तागे घालून. रद्द झालेल्या कुठल्याशा ऑर्डरचं कापड होतं ते. एवढं भडक, की फुकट दिलं तरी कोणी घेईना.

त्या कापडाचे तिने कोळ्यांसाठी कोट शिवले. जाळं ओढताना हात वर गेला तरी कमर उघडी पडू नये, म्हणून काखेत जादा तुकडा घातला. कोट खांद्यावर टाकून ती वेसाव्याच्या मासळीबाजारात गेली, कारण कोळ्याच्या घरात काय विकत घ्यायचं ते कोळीण ठरवते. धाकटा भाऊ अर्बन अंधेरीला तयार कपड्यांच्या दुकानात नोकरीला होता. गोड बोलणारा, नीटनेटका. त्याने मालाला नाव दिलं ‘गलबत’.

दुसऱ्या वर्षी धर्मा तांडेल, बोटीचा प्रमुख, स्वतःच बोटीवरून पाण्यात पडला. संध्याकाळची वेळ, आभाळ गच्च, लाटा पुरुषभर उंच. खलाशी हाका मारून थकले, पण तांडेल दिसेना. एवढ्यात एकाला लांबवर नारिंगी पाठ दिसली. धर्मा जिवंत घरी आला, आणि पुढच्या हंगामात अख्खा कोळीवाडा नारिंगी झाला.

गलबत वाढलं ते असं. अर्बनने स्टेशनजवळ काचेचं दुकान घेतलं. तो दर्शनी बाजूला, ती मागे मशिनांवर. मग त्याने पांढऱ्या पट्टीचा निळा कोट काढला. स्कूटरवाली कॉलेजची पोरं त्यावर तुटून पडली. कॉन्सेप्टाने हरकत घेतली नाही. रस्त्यावर कोण बुडतंय!

सत्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला थोडे दिवस उरले होते. धर्मा दुकानात आला.

"चार निळे दे गो बाय. मला एक, पोरांना तीन."

"नारिंगी घे."

"पोरं नाय म्हणतात. नारिंगी घातला की लोक विचारतात, संत्रीवाल्याची हातगाडी कुठं चालली?"

"धर्मा, तू सापडलास तो कुठल्या कोटात रे?"

"आई एकवीरेची कृपा."

"कृपा तिची, कोट माझा! आता तिलाही अंधारात निळ्या पाण्यात निळा माणूस शोधायला लावणार?"

अर्बन पुढे झाला. "बाय, हळू बोल, गिऱ्हाइकं आहेत. आणि नारिंगी आता नाहीच. उरलेले काल मोडीत काढले, पुढे शिवायचे नाहीत."

कॉन्सेप्टाने वळून पाहिलं. मागच्या फळीवर निळ्याशिवाय काही नव्हतं.

"मला न विचारता?"

"जमाना बदलला. गलबत आता ब्रँड आहे. कोळीवाड्यापुरतं किती दिवस राहायचं?"

"नाव गलबत ठेवलंस, आणि त्यावरचा माणूसच जड झाला होय रे तुला!"

तिने कापडाची मोठी कात्री उचलली आणि समोरचा निळा कोट गळ्यापासून खालपर्यंत टर्रकन फाडला. स्कूटरवाली पोरं दाराबाहेर. धर्मा दोन पावलं मागे.

"दुकान बुडवशील!" अर्बन ओरडला.

"बुडू दे! दुकान दुसरं उभं करीन. हा बुडाला तर त्याच्या बायकोला, सरूबाईला काय, तुझी पांढरी पट्टी देऊ?"

त्याच दिवशी तिने आपली दोन मशिनं हातगाडीवर घालून आंबोलीला नेली. दुसऱ्या दिवशी बाजारात सरूबाईनेच सांगितलं, अर्बनने चार निळे कोट गुपचूप घरपोच केले. कॉन्सेप्टाने ऐकलं आणि न भांडता तडक घरी निघाली. ते फार वाईट लक्षण होतं.

घरी नारिंगी कापडाचा शेवटचा तागा होता. त्यात किती कोट होणार? तिने कोट शिवलेच नाहीत. हनुवटीखाली नाडी बांधायच्या टोप्या शिवल्या. रागाने सुया मोडल्या, शेजारणींशी भांडली, पण तागा संपवला.

पौर्णिमेला वेसाव्याच्या बंदरावर बोटी पताकांनी सजल्या होत्या. बायका नारळ घेऊन उभ्या. त्या गर्दीत कॉन्सेप्टा पोतं घेऊन घुसली आणि सरळ धर्माच्या बोटीसमोर आली.

"निळं घालायचंय ना? घाला! पण पाण्यावर डोकं दिसतं, पांढरी पट्टी नाही. ही बांधा!"

धर्माचा मोठा पोरगा हसला. "ही तर बारशाची टोपडी गो मावशी! झुलवायला पाळणा पण आणलास काय?"

खलाशी खो खो हसले. कॉन्सेप्टाचा हात उगारलेला, डोळ्यांत पाणी. ते पाणी कोणी पाहिलं नाही, एका बाईशिवाय. सरूबाईने नारळ सुनेच्या हातात दिला, पोत्यातली एक टोपी काढली आणि गुडघाभर पाण्यात शिरली.

"खाली वाक," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, सगळे बघतात..."

"बघू देत. बांधून घे, नायतर तुझी मासळी तूच बाजारात वीक."

हशा बंद झाला. तांडेल वाकला. तिने नाडीला अशी गाठ मारली की हनुवटी लाल झाली. मग दुसरी बाई पाण्यात उतरली, मग तिसरी. कॉन्सेप्टा काठावरून टोप्या फेकत होती आणि एकेका खलाशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

पुढच्या पावसाळ्यात गलबतच्या काचेवर पोस्टर लागलं: निळा कोट, नारिंगी टोपी, ‘खास आमची नवी कल्पना’. कॉन्सेप्टाने रस्त्यावर उभं राहून ते वाचलं, आत गेली आणि भावाच्या डोळ्यांदेखत पोस्टर फाडलं.

"टोप्या विकायच्या तर वीक," ती म्हणाली. "वेसाव्यात मात्र फुकट वाटायच्या. आणि नाडी जाड लाव, चोरा!"