साबण न लागलेले पेले

नोल्फा रिफ्फोने नवऱ्याला कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, निळा दोरा बांधलेल्या पेल्यांना हात लावू नकोस. का, ते सांगायचं राहून गेलं. आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते, हे माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

ती तोमे गावाजवळच्या एका वाडीत, समुद्री शेवाळ वेचणाऱ्या बाईच्या पोटी जन्मली आणि गुडघाभर पाण्यात वाढली. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात फरशी पुसायला लागली. पुसता पुसता टाक्या सांभाळायला, मग अंडी धुवायला, मग सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकली. अंडी एरिसोची. एरिसो म्हणजे खडकाला चिकटून बसणारा काटेरी गोळा. तांबडा एरिसो लोक लिंबू पिळून कच्चाच खातात. केंद्राला लागतो तो काळा. त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

तिचा नवरा रेमिखिओ तांबड्या एरिसोचा पाणबुड्या होता. एकदा तो खोलातून फार घाईने वर आला आणि त्याचा उजवा पाय कायमचा जड झाला. तेव्हापासून तो समुद्राकडे पाठ करून खुर्चीत बसायचा. बोलावलं की जेवायचा. भांडला असता तर नोल्फाला बरं वाटलं असतं. शेवटी तिने केंद्रातल्या डॉक्टर आंतिलेओंना गळ घातली आणि बाईंनी त्याला हंगाम संपेपर्यंत टाक्यांवर ठेवून बघायचं कबूल केलं. नोल्फाचं मागणं एवढंच होतं, की या माणसाने त्या खुर्चीतून उठावं आणि परत तिच्यात जाऊन बसू नये.

पहिले काही दिवस तो काळ्या एरिसोंकडे बघून नाक मुरडायचा. हे तर पोरं पायाने उडवतात, म्हणायचा. मग एका दुपारी डॉक्टरबाईंनी त्याला नोल्फाशेजारी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. अंड्यात नुकतंच नराचं बीज शिरलं होतं. बापाकडून येणारं आनुवंशिक सूत काही प्रथिनांवर गच्च गुंडाळलेलं असतं, त्या प्रथिनांना हिस्टोन म्हणतात, आणि बीजातले हिस्टोन बीजापुरतेच, अगदी घट्ट, वेगळ्या घडणीचे असतात, असं त्या सांगत होत्या. अंड्यात शिरल्यावर ते तोडून टाकले जातात. त्यांच्या जागी आईने अंड्यात आधीच साठवून ठेवलेले, सैलसर घडणीचे हिस्टोन येतात.

रेमिखिओ बराच वेळ भिंगात बघत राहिला.

"म्हणजे बापाचं सामान दारातच काढून घेतात."

"असंच म्हणा," बाई हसल्या.

"आणि आईचं घरात रचून ठेवलेलं. आमच्याकडेही तसंच आहे, विचारा हिला." पुन्हा भिंगाला डोळा लावून तो म्हणाला, "मग बापाचं उरतं काय?"

"सूत उरतं. सगळंच्या सगळं. कुठे उलगडायचं आणि कुठे मिटून ठेवायचं, ते नव्याने ठरतं. पुढे पिल्लू घडू लागलं की हिस्टोन पुन्हा बदलतात. पण ते पहिले गेलेच नाहीत, तर पिल्लू होतच नाही."

त्यासाठीच बाईंचा प्रयोग होता. काही पेल्यांत ते तोडणं औषधाने थांबवायचं आणि वाढ कुठे अडते ते बघायचं. बाकीच्या पेल्यांत काहीच घालायचं नाही, तिथे वाढ नीट व्हायला हवी.

त्या रात्री रेमिखिओ जेवताना आपणहून बोलला. नोल्फाने काही दाखवलं नाही, नुसता त्याच्या ताटात आणखी एक पाव ठेवला.

आणि मग एक दिवस सगळ्याच पेल्यांतली अंडी मेली. औषध घातलेल्यांतली आणि न घातलेल्यांतलीही. बाईंनी पाणी तपासलं, बर्फ तपासला, नोल्फाचे हातसुद्धा हुंगले. नोल्फाने एक रिकामा पेला उजेडात धरला. तो लखलखत होता.

"मी घासले," दारातून रेमिखिओ म्हणाला. "काल. डाग पडले होते त्यांच्यावर. म्हटलं, हिचं काम थोडं हलकं होईल."

अंड्यांच्या पेल्यांना जन्मात साबण लावत नाहीत. कितीही धुतलं तरी त्याचा अंश काचेला राहतो आणि अंड्यांना तेवढा पुरतो. नोल्फाने हे सांगितलं, मग म्हणाली की चूक आपली आहे, आपण कारण सांगितलं नव्हतं. बाई कोणालाच रागावल्या नाहीत. वरच्या कपाटात जुने, साबण न लागलेले पेले आहेत, पण टाकीतल्या एरिसोंत आता अंडी उरली नाहीत, नवे आणणारी होडी दक्षिणेला गेलीय, आणि आठवड्याभरात हंगाम संपेल, इतकंच म्हणाल्या.

घरी रेमिखिओ खुर्चीशी गेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. नोल्फा चुलीकडे तोंड करून होती. आता बसला तर हा उठायचा नाही, हे तिला माहीत होतं, आणि ते बोलून दाखवून उपयोग नाही, हेही.

"काळे एरिसो कितीशा पाण्यात असतात?" त्याने विचारलं.

"गुडघाभर. ओहोटीला त्याहून कमी."

"म्हणजे बायकांच्या पाण्यात."

"हो. माझ्या आईच्या पाण्यात. तुला जमेल का, म्हाताऱ्या, ते मात्र सांगता येत नाही."

सकाळच्या ओहोटीला तो तिचे जुने रबरी बूट घालून निघाला. त्याचे त्याने कधीच कोणाला देऊन टाकले होते. खडकावर शेवाळ वेचणाऱ्या बायका होत्या. अगं बघा, पाणबुड्या आलाय आपल्यात, एकीने हाक दिली, आणि दुसरीने विचारलं की हवेची नळी विसरलास का. पूर्वीचा रेमिखिओ तिथूनच माघारी फिरला असता. तो पाण्याच्या कडेला थांबला. जड पाय आधी आत टाकला, मग दुसरा. नोल्फाला त्याचा दंड धरावासा वाटला. तिने परडी घट्ट धरली.

"नळी तुझ्या नवऱ्याला दिली," तो वाकता वाकता म्हणाला. "घोरताना लागते म्हणाला."

बायका खिदळल्या. त्याने लोखंडी आकड्याने पहिला एरिसो खडकावरून अलगद सोडवला, उलटा करून पाहिला आणि परडीत ठेवला. काटा न मोडता. तांबड्यालासुद्धा त्याने कधी एवढं जपलं नसेल, असं नोल्फाला वाटलं.

दुपारी जुन्या पेल्यांत अंडी ठेवली. निम्म्या पेल्यांत औषध होतं, तिथली अंडी गप्प राहिली. बाकीच्या पेल्यांत अंड्यांच्या मध्यावर एक बारीक रेघ उमटली, खोल गेली, आणि एकाचे दोन झाले. रेमिखिओने भिंगावरचा डोळा काढला नाही.

"दारात काढून घेतलं वाटतं सामान," तो पुटपुटला.

डॉक्टरबाई पेल्यांना निळे दोरे बांधत होत्या. हंगाम संपला तरी टाक्या रिकाम्या ठेवता येत नाहीत, त्या म्हणाल्या, आणि गुरुवारी ओहोटी किती वाजता आहे ते त्यांनी नोल्फाला विचारलं नाही, त्याला विचारलं.