देवाचा उजवा की आपला?

आमच्या गावाला ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्याखेरीज तिसरं उत्तर पचत नसे. म्हैस गाभण आहे का, पाव्हणा जेवून आलाय का, सगळं एका शब्दात सांगायचं. उंब्रजच्या अलीकडच्या त्या गावात लढाईच्या दिवसांत मी धाकटी सून होऊन आले, आणि वर्षाच्या आत सरकारनं आमच्या दारात तिसरा शब्द आणून टाकला. माझे थोरले दीर पलटणीत होते. साताऱ्याहून निरोप आला, ‘बेपत्ता’.

“बेपत्ता म्हंजे? हाय का न्हाई?” मामंजींनी निरोप आणणाऱ्या शिपायाला दरडावलं. ते स्वतः हवालदार होऊन पेन्शनीत आलेले.

“साहेबालाबी ठाव न्हाई.”

“मग साहेब कशाला झालाय त्यो?”

वर्ष गेलं, कळलं काहीच नाही. संक्रांत तोंडावर आली आणि गावातल्या बायकांवर संकट कोसळलं. हळदीकुंकवाला थोरल्या जाऊबाईंना बोलवायचं की टाळायचं? बोलवावं तर धास्ती, टाळावं तर पाप. विहिरीवर एकीनं तोंडावरच ऐकवलं, “आवं, एक कायतरी ठरवा की! तुमच्या कपाळाकडं बघून आमाला बोलायला सुचंना झालंय.”

“मग पायाकडं बघून बोला,” जाऊबाई म्हणाल्या आणि घागर उचलून निघाल्या.

शेवटी भैरोबाला कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, माणूस जिवंत. डावी पडली तर नाही, आणि त्याच दिवशी जाऊबाईंचं कुंकू पुसायचं. एका बाईचा उभा जन्म दोन पाकळ्यांवर टांगून गाव न्हाऊनधुऊन, जरीचे पटके बांधून देवळात हजर झालं. मला विचाराल तर तमाशाच्या कनातीतसुद्धा एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. जाऊबाईंचे वडीलही पलूसहून मुद्दाम आले होते.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी श्वास रोखला. कुणीतरी शिंकलं, त्याला शिव्या बसल्या. आणि आमच्या डाव्या हाताची पाकळी टपकन खाली आली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. मामंजी खांबाला टेकले. एवढ्यात पलूसचे व्याही आनंदानं ओरडले, “आला! उजवा कौल आला! जावईबापू हायती!”

“पाव्हणं, डोळं फुटलं का तुमचं? डावी पडली,” मामंजी म्हणाले.

“तुमच्याकडनं डावी. देवाचा खांदा उजवा न्हवं का? आमच्याकडं देवाचा उजवा धरत्यात.”

“आमच्याकडं बघणाराचा धरत्यात! बापजाद्यापासनं!”

“देवापेक्षा बघणारा मोठा व्हय?”

“पलूसच्या मानसानं आमाला आमचा देव शिकवू नये!”

झालं! गाव मामंजींच्या पाठीशी उभं राहिलं. गावाच्या रीतीचा प्रश्न होता, माघार कोण घेणार? गुरवाला विचारलं, तर तो दोन्ही बाजूंचे नारळ धरून म्हणाला, “रीती दोन्ही जुन्याच हायती.” मामंजी तर असे पेटले की मिशा थरथरू लागल्या. “बघणाराचाच उजवा! मरंस्तवर सांगीन!”

तेव्हा एरवी त्यांच्यासमोर चकार शब्द न काढणाऱ्या जाऊबाई पदर सारखा करून पुढं आल्या.

“मामंजी, तुमी जितलासा तर तुमचा ल्योक जातोय.”

मामंजींचं बोट हवेत तसंच राहिलं. आपण कशासाठी भांडतोय, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. आणि तरी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ‘देवाचा उजवा’ एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. ते मटकन खाली बसले आणि रडू लागले.

जाऊबाईंनी खाली पडलेली पाकळी उचलून देवाच्या पायाशी ठेवली. “सरकारला ठाव न्हाई. देवानं सांगितलेलं तुमाला कळंना. मग मला कशाला घाई? बेपत्ता हायती. मी बेपत्त्याची बायकू. कुंकू ऱ्हाईल.”

त्या संक्रांतीला त्यांना कुणीही बोलावलं नाही. त्यांनीच साऱ्या गावाला बोलावलं. तिळगूळ फुकट होता, त्यामुळे बायकांची धास्ती बरीच कमी झाली.

लढाई संपल्यावर दीर आले. दारात उभ्या असलेल्या आईला त्यांनी ओळखलं, स्वतःच्या गोठ्याला ओळखलं नाही. दिवस दिवस ओट्यावर बसत, बोलत नसत. मध्येच कधी जाऊबाईंच्या हातची भाकरी बघून हसत. गाव लगेच चौकशीला आलं.

“मालक आलं न्हवं?”

“आल्यात,” जाऊबाई म्हणाल्या, “समदं न्हाईत अजून.”

गाव पुन्हा अडचणीत पडलं. पलूसचे व्याही ओट्यावर बसून विजयानं मिशीला पीळ देत होते, “बघा, देवाचा उजवा!” मामंजी पोराचा हात हातात घेऊन पुटपुटत होते, “आलाय खरा. पन बोलतोय कुठं?” जरा वेळानं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. पोरगा पहिल्यासारखा होईल का, यासाठी भैरोबाला पुन्हा कौल लावावा.

जाऊबाई माझ्या दिरांना भाकरी कुस्करून देत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “लावा की. आधी उजवा कंचा ते तुमचं तुमी ठरवा.”

दोघे म्हातारे ओट्यावर तावातावानं भांडत बसले. दीर जेवू लागले.