अप्पांचं गाऱ्हाणं आणि पळपुटे कण

घाटकोपरच्या भटवाडीत जयवंत परब ऊर्फ अप्पांच्या गाऱ्हाण्याशिवाय काहीही सुरू होत नसे. सोसायटीचा पंप असो की शेजारच्या तेजलचा मिक्सर, अप्पा नारळ धरून देवाला खणखणीत साकडं घालत आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून री ओढत. पंप तरीही बंद पडे. पण गाऱ्हाणं घालून बंद पडल्याचं समाधान असे. अप्पा कामाला होते ती गिरणी बंद झाली, नंतर धरलेला मरोळचा खोक्यांचा कारखानाही बंद झाला. अप्पांचा आवाज बंद करणं मात्र कुणाला जमलं नाही.

त्यांचा मुलगा नितेश पवईच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. त्याने एकदा काम समजावलं, “वायू इतका तापवतो की कुठलंच भांडं टिकणार नाही. म्हणून चुंबकांचं कुंपण घालून कोंडतो. त्यातल्या वेगवान कणांनी आत राहून बाकीच्यांना ऊब द्यायची, तर काही कुंपण तोडून भिंतीवर आपटतात. माझं यंत्र त्या पळालेल्यांना पकडतं.”

“म्हणजे कमावतो झील, घरचो पोरगो, तोच घर सोडून पळता!” अप्पा म्हणाले. “मगे गाऱ्हाणां व्हयांच.”

नवं यंत्र पहिल्यांदा चालवायचा दिवस ठरला. अप्पांचा न्हाणीघरात सराव सुरू झाला: “बा देवा म्हाराजा, जे कण कुंपण तोडून भायर पळतत, तेंका आवर घाल रे म्हाराजा!” खालच्या मजल्यावरून द्रौपदीकाकू इमानाने म्हणत, “व्हय म्हाराजा!”

त्या सकाळी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत नारळ घेऊन दारात उभे. नितेशच्या डोळ्यांसमोर मोठमोठे साहेब आले आणि त्यांच्यामध्ये हा आवाज.

“अप्पा, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत हो.”

“बरां,” अप्पा म्हणाले. नारळ दुपारी माशांच्या कालवणात गेला.

प्रयोगशाळेत सहकारी श्वेताची आई पेढ्यांचा डबा घेऊन पहिल्या खुर्चीवर बसली होती. “अरे, अप्पा कुठायत? पास काढून ठेवलाय ना मी!” श्वेता म्हणाली.

“ताप आलाय.”

यंत्र झकास चाललं. पळालेल्या कणांचे ठिपके पडद्यावर लख्ख उमटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभराने श्वेता घरी आली. “काय अप्पा, नेमका त्याच दिवशी ताप?”

पाण्याचा ग्लास घेऊन नितेश जागीच थिजला. अप्पांनी मुलाकडे एकदाच पाहिलं. “व्हय गो बाय. मोठो ताप होतो,” म्हणाले आणि तिच्यापुढे लाडू सरकवला.

रविवारी बोलू, असं नितेशने ठरवलं. मग शोधनिबंध संपल्यावर. तेवढ्यात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. सगळी भाषा गेली, एकच शब्द उरला. चहा हवा? “व्हय.” नको? “व्हय.” भटवाडीतले पंप मुकाट्याने बंद पडू लागले.

यंदा प्रयोगांची नवी फेरी सुरू झाली, तेव्हा नितेश त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेला. पास श्वेतानेच काढला. नारळ धरून त्याने सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा...” आवाज डासासारखा. साहेब लोक गप्प.

“व्हय!” एकटे अप्पा गरजले. आयुष्यात पहिल्यांदाच ते री ओढत होते.

यंत्र सुरू झालं. त्या गडबडीत नितेश खुर्चीशी वाकला. “अप्पा, त्या दिवशी मी खोटं बोललो. माफ केलंत?”

“व्हय.”

नितेशचे डोळे भरून आले. पण हाडाचा प्रयोगवाला. उलट बाजू तपासल्याशिवाय त्याला राहवेना.

“की अजून राग आहे?”

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, श्वेता घरी आली तेव्हा पाहिलं होतं तसंच.

“व्हय.”