डॉक्टरला ठेवून घेणारी भागीबाय

दवाखान्याच्या दारात भागीबायचा मुलगा उभा दिसला, तशी मी सवयीनं बॅग उचलली. तो म्हणाला, "बॅग नको डाक्टर. आई पहाटं झोपंतच गेली..." त्याला आता महिना होत आला.

म्हसळ्याजवळचं आमचं हे भातशेतीचं गाव. माझ्याआधी दोन डॉक्टर इथं येऊन गेले, टिकले नाहीत. मग आजाऱ्याला डोलीत घालून माणगावची वाट धरायची. भागीबायची थोरली लेक बाळंतपणात अडली आणि त्या वाटेवरच गेली. हे भागीबाय स्वतः कधी बोलली नाही. मला शेजाऱ्यांकडून कळलं.

मी आलो तेव्हा नवीन लग्न झालेलं. बायको इंदू गिरगावात वाढलेली. इथं तिला हिवतापानं धरलं, आढ्यावर साप निघाला, बोलायला कुणी नाही. दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "मी माहेरी जाते. परत येणं होईलसं वाटत नाही." गावकरी ओसरीवर येऊन बसले. "वैनींना धाडू नका डाक्टर. त्या गेल्या की तुमीबी जाल." ते खरंच होतं.

मागे उभी असलेली भागीबाय पुढं आली. "पोर पयल्या बाळंतपणाला आयशीकडं न्हाय जायाची तं कुटं जायाची? मी घेऊन जाते तिला."

आगबोटीत ती जन्मात बसली नव्हती. मुंबई येईपर्यंत तिला उलट्या, आणि पोटुशी इंदू तिचं डोकं धरून बसलेली! गिरगावात माझ्या विधवा सासूबाई दिराच्या बिऱ्हाडात कोपरा धरून, मान खाली घालून दिवस काढत होत्या. भागीबायनं ते पाहिलं. बाळंतपण होऊन इंदू हिंडूफिरू लागेपर्यंत ती तिथंच राहिली.

भागीबाय परतायची त्या दिवशी बंदरावर मी गेलो तेव्हा इंदू येईल की नाही, याची खात्री नव्हती. आगबोटीवरून किनाऱ्याला आलेल्या पडावातून आधी भागीबाय उतरली, कडेवर माझी मुलगी. मागून इंदू आली. आणि तिच्या मागून, देवांचं गाठोडं छातीशी धरून, सासूबाई...

"भागीबाय, हे जमवलंस कसं?" मी गाडीत विचारलं.

"लेक आयशीपायी रडत व्हती. मंग आयशीलाच आनली."

"मी नको म्हणत होते," सासूबाई संकोचून म्हणाल्या, "जावयाच्या घरी राहायचं कसं?"

"जावयाच्या घरी कोन ऱ्हातंय? माज्या घरी ऱ्हावा. पडवी सारवून देते, चूल तुमची येगळी."

इंदू हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

सासूबाई त्या पडवीत शेवटपर्यंत राहिल्या. चुली वेगळ्या, तरी आमटीत गूळ घालावा की नाही यावरून दोघींचं रोज वाजायचं. सासूबाई गेल्या तेव्हा इंदूच्या बरोबरीनं भागीबाय रडली. आम्ही मात्र राहिलो. मुंबईला परतायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

नवं भात निघालं की पहिल्या पोह्यांची वाटी भागीबाय आमच्याकडे आणायची. यंदा इंदूनं स्वतः पोहे कांडले आणि वाटी झाकून त्यांच्या घराकडे निघाली. वाटेत भागीबायची सून समोरून येत होती, तिच्याही हातात झाकलेली वाटी. दोघी तिथंच थांबल्या, रडल्या, वाट्या बदलून माघारी फिरल्या.

घरी येऊन इंदूनं पोहे माझ्यापुढं ठेवले. म्हणाली, "खा. भागीबायकडचे आहेत."