मावशी गप्प, पेन्सिल चालू

तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, ते तिथंच राहू दे. घरात, गल्लीत आणि आता कॉलेजातसुद्धा तिला ‘कशावरून’ म्हणतात. बोलायला लागली तेव्हापासूनची खोड. दूध संपलं म्हटलं की ही पातेल्यात डोकावून विचारणार, कशावरून? दातांचे डॉक्टर म्हणाले, अजिबात दुखणार नाही हं बाळ, तर हिनं ओठ गच्च मिटले आणि नाकातल्या नाकात विचारलं, कशावरून? डॉक्टरांना सांगता आलं नाही. दुखलंच शेवटी.

असल्या पोरीनं राज्यशास्त्र घ्यावं यात नवल ते काय! तिसऱ्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रकल्प स्वतःचा स्वतः करायचा होता. प्रश्न आपला, माहिती आपण गोळा करायची, सहा महिने. प्रकल्प नाही तर वर्ष गेलं. बाकीच्यांनी ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ वगैरे भारदस्त विषय घेतले आणि लायब्ररीत पंख्याखाली जागा धरली. ही मॅडमकडे गेली आणि म्हणाली, “आमच्या वॉर्ड ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी खुली सभा असते. गल्लीतला एकूण एक माणूस कुरकुर करतो, पण सभेला कुणी जात नाही. का जात नाही ते मला शोधायचंय.”

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “छोटा आहे, पण तुझा आहे. कर. एक लक्षात ठेव. ज्याचं बोलणं वापरशील, त्याला ते वापरणार आहेस हे माहीत पाहिजे. चोरून ऐकलेलं चालणार नाही.”

“हो हो,” म्हणाली कशावरून. नेमकं तेवढं मात्र तिनं कशावरून न विचारता ऐकलं, आणि तसंच सोडूनही दिलं.

फॉर्म छापले. वर नाव, घर नंबर, खाली बारा प्रश्न. साठ दारं वाजवली. दारं कसली, फटी! एका फटीतून एक डोळा.

“कोणी पाठवलं?”

“कॉलेजनं.”

“कॉलेजला काय करायचंय आमच्या गटाराचं?”

दुसरीकडे एका आजींनी फॉर्म उजेडात धरून मागून पाहिला. तिसरीकडे सुनेनं विचारलं, “तू मीटरवाली तर नाहीस ना?” आणि उत्तराची वाट न बघता आतले दिवे बंद केले. तरी साठही फॉर्म भरून मिळाले. सगळे समाधानी! सभेला जाता का? जातो. ऑफिसचं काम? उत्तम. बेकरीवाल्यानं तर ‘अति उत्तम’ असं स्वतःच्या हातानं जादा लिहून दिलं.

कशावरूनला घास गोड लागेना. पुढच्या सोमवारी ती स्वतः सभेला गेली. दारात शिपायानं एक जाडजूड रजिस्टर पुढे केलं. नाव, घर नंबर, तक्रारीचा विषय. तिनं लिहिलं आणि आत गेली. चाळीस खुर्च्या, सात माणसं, त्यात एक तो शिपाईच. दोघं पंख्यापुरते आलेले, चक्क घोरत होते. मग हे साठ जण जातात ती सभा भरते तरी कुठे?

उत्तर तिला घरातच सापडलं. ती राहायची मावशीकडे, आणि मावशीचं शिलाईचं दुकान. पुढे काउंटर, मशीन, खडूनं पांढरं झालेलं टेबल, आणि मागे माप घ्यायचा पडदा. मावशी पडद्याआड टेप लावून आकडे सांगायची, “खांदा सतरा, बाही चोवीस,” आणि पडद्याच्या कडेला स्टुलावर बसून भाची मापवहीत लिहायची. लहानपणापासूनचं काम.

आता गंमत बघा. माणूस दोन्ही हात वर करून उभा राहिला, कुणी त्याच्या छातीभोवती टेप फिरवू लागलं, की त्याच्या तोंडातून जे निघतं ते फॉर्मवर कधीच येत नाही. ‘अति उत्तम’वाला बेकरीवाला हात वर करून म्हणाला, “अहो मावशी, गटाराचं पाणी माझ्या भट्टीपर्यंत येतं. त्या लोकांना लाज नाही! सभा? सभेला कोण जातंय मरायला!”

स्टुलावरची पेन्सिल थबकली. मग हळूच वही उलटी झाली आणि मागच्या पानावरून लिहायला सुरुवात झाली.

तीन आठवड्यांत बावीस जण. ही खूश. मॅडमचं बोलणं आठवायचं अधूनमधून, पण ती स्वतःला समजवायची, नावं कुठे लिहिलीत मी? ‘बेकरीवाला’, ‘दोन नंबरच्या आजी’, एवढंच तर! कोण ओळखणार! इतरांच्या बाबतीत जी पोर देवालाही पुरावा मागेल, ती स्वतःवर असा डोळे मिटून विश्वास ठेवत होती.

मग आले टपालकाका. तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले. दार किती बोटं उघडलं त्यावरून आतल्या माणसाची तब्येत सांगणारा गृहस्थ. कच्ची शिवलेली नवी पँट अंगावर घालून बघायची होती. कंबर बघून झाली, मावशी घडी टाचायला खाली बसली, आणि काका बोलू लागले.

“सभेला मी एकदाच गेलो बरं का. रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार. दारात त्या रजिस्टरात नाव लिहिलं, घर नंबर लिहिला. आठ दिवसांत ऑफिसचा माणूस दारात. मला वाटलं दिव्याचं बघायला आला. तो म्हणतो, तुमच्या खिडकीबाहेरच्या कुंड्यांची फळी बेकायदा आहे. दिवा नाही आला, माणूस आला! तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना कळलं. त्या वहीत नाव गेलं की...”

काका थांबले. कान टवकारले.

“मावशी, तुमच्या तोंडात काय आहे?”

“ट्-टाचण्या,” मावशी ओठ न उघडता म्हणाली.

“म्हणजे तुम्ही आकडे सांगत नाही आहात.”

“उंहूं.”

“मग पडद्याबाहेर पेन्सिल कशाची चाललीय?”

काकांनी अर्धी टाचलेली पँट अंगावर तशीच ठेवून पडदा सारला, वहीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. आत जाऊन स्वतःची जुनी पँट चढवली आणि चालू पडले.

जन्मभर पत्रं पोचवलेला माणूस, बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार! दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं जुना शर्ट पिशवीत घालून यायला लागली. “याच मापाचं शिवा. नको नको, पडद्याआड कशाला, हेच माप!” बेकरीवाल्याचा नमुन्याचा शर्ट पाच वर्षांपूर्वीचा. त्यात आता त्याचा एक हात मावला असता. तरी म्हणतो, “बरोब्बर बसतो!” आणि बोलताना डोळा स्टुलावर. आजी तर काउंटरलाही हात लावेनात. कुणी म्हणे पोरगी ऑफिसची माणूस आहे, कुणी म्हणे पक्षाची. एकानं तर मावशीलाच विचारलं, “तुम्हाला महिन्याला काय मिळतं हो ऐकायचं?”

मावशीनं त्या दुपारी मापवही घेतली, उलटी केली आणि मागून वाचली. तेवीसच्या तेवीस. भाचीला समोर बसवलं.

“ही मापं माझी आहेत का?”

“मावशी, अगं नावं नाहीयेत त्यात...”

“बेकऱ्या किती आहेत गं गल्लीत?”

कशावरून बोटं मोजायला निघाली आणि एकावरच थांबली.

“कोणाचं पोट किती सुटलंय ते मी त्याच्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि तू त्यांची मनं लिहून घेतलीस, माझ्याच पडद्याला टेकून!”

“हे नसेल तर माझ्याकडे काहीच नाही, मावशी. साठ खोटे फॉर्म आहेत. नऊ दिवसांत द्यायचंय, नाहीतर वर्ष जाईल.”

“टाका चुकला की काय करतो आपण?”

“उसवतो.”

“मग उसव. ज्याचा त्याच्या दारात जाऊन.”

तिनं मागची पानं फाडली, प्रत्येकाच्या बोलण्याची चिठ्ठी वेगळी केली आणि निघाली. या वेळी दारात पहिलं वाक्य हे, “तुम्ही दुकानात बोललात ते मी न विचारता लिहिलं. चुकलं माझं. हे घ्या. फाडा, ठेवा, नाहीतर वापर म्हणा.”

आजींनी चिठ्ठी फाडली, तुकडे मोजले आणि मुठीत ठेवले. सुनेनं चुलीपाशी नेली. एकानं दारच उघडलं नाही, तेव्हा तिनं चिठ्ठी फटीतून आत सरकवली. बेकरीवाल्यानं मात्र दोनदा वाचली आणि भडकला.

“हे काय, ‘लाज नाही’? मी ‘अजिबात लाज नाही’ म्हणालो होतो!”

“घालू का?”

“घाल. पण बेकरी काढ. नुसतं ‘एक दुकानदार’ लिही.”

चौदा गेल्या, आठ वापरायला मिळाल्या. शेवटची टपालकाकांची. दार चार बोटं उघडलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, अक्षर न् अक्षर वाचलं.

“हिची दुसरी प्रत कुठे आहे?”

“नाही, काका.”

“कशावरून?”

पोरीला जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न समोरून आला. बघा कशी गत झाली! कशावरून सांगणार? नसलेली प्रत कशी दाखवणार? तिनं पिशवीतून मापवही काढून त्यांच्या हातात दिली, मग प्रकल्पाचे सगळे कागद, मग रिकामी पिशवी उलटी करून झटकली. काकांनी उंबऱ्यावर बसून पानन् पान उलटलं, फाडलेल्या पानांची खुटं मोजली, आपल्या चिठ्ठीची कड त्यांना लावून पाहिली. अर्धा तास. ती उभी. मग त्यांचा हात एका छापील फॉर्मवर थांबला.

“ही वरची ओळ तुला कोणी घालायला सांगितली? नाव, घर नंबर?”

“कोणी नाही. फॉर्मवर असतेच की.”

“हं,” म्हणाले काका, आणि चिठ्ठी खिशात घालून दार लावून घेतलं. वापर म्हणाले नाहीत.

ती गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. शिपायाच्या रजिस्टराची पहिली ओळ आणि तिच्या फॉर्मची पहिली ओळ एकच होती! साठ दारांत ती दुसरं रजिस्टरच तर घेऊन फिरली होती. पण काकांची हकिकत काकांच्या खिशात, ती लिहायची नाही. मग तिनं लिहिलं ते स्वतःचं. नाव विचारलं तेव्हा साठ समाधानी, नाव न विचारता आठ नाराज, आणि मधे आपण काय चोरी केली ते सगळं. सभेच्या दारातल्या वहीत आपण स्वतः काय भरलं तेही. ‘लोक का जात नाहीत’ याच्यापुढे तिनं लिहिलं, ‘मला संशय आहे, पुरावा नाही.’

मॅडमनी वाचून विचारलं, “आठच?”

“आठच. त्यांना माहीत आहे.”

मॅडमनी सही केली. मार्क बेताचेच पडले, पण वर्ष वाचलं.

दुकान मात्र सहीनं भरत नाही. पंधरा दिवसांनी टपालकाका आले, काखेत जुनी पँट. ती काउंटरवर ठेवली, परत उचलली, पडद्याकडे पाहिलं.

“पेन्सिल इथं ठेव. माझ्या समोर.”

तिनं ठेवली. काका आत गेले. थोड्या वेळानं, लिहायला कोणी नाही म्हणून, मावशीनं खणखणीत आवाजात अख्ख्या दुकानाला सांगितलं, “कंबर बेचाळीस!”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बेकरीवाला खोकला.

“अहो हळू!” आतून काका.

“मग काय करू? माझ्या लक्षात राहत नाही!”

कशावरूननं पेन्सिलीकडे पाहिलं, हात लावला नाही. “काका, लिहू का?”

आतून टेप गुंडाळल्याचा आवाज तेवढा आला.

“कंबर तेवढी लिही.”