कमरेतलं जास्तीचं कापड

मास्तरांनी शिवलेल्या पँटच्या कमरेत, मागच्या शिवणीला, चांगलं दोन बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं असायचं. "पोट काय सांगून सुटतं?" असं ते म्हणत. गिऱ्हाईक वर्षभराने ओशाळं हसत आलं की टाके उसवून पँट सैल करून देत आणि वर त्याच्या पोटाची यथेच्छ थट्टा करत.

स्वतःचं पोट खपाटीला जाऊ लागलं तेव्हा मात्र मास्तरांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. पँट ढिली पडली की बायको बाजारात गेल्याचं बघून ते ती आत घेत. दुसऱ्या कुणाच्या कपड्यांनी चहाडी केली असती, यांचे कायम अंगाबरोबर बेतलेले. इस्त्री करताना तिच्या हाताला जाड शिवण लागेल म्हणून एक दिवस त्यांनी आतलं जास्तीचं कापड कात्रीने कापूनच टाकलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग एका सकाळी दुकानातच भोवळ येऊन पडले आणि बिंग फुटलं.

सर्जनबाईंनी कागदावर जठर काढून दाखवलं. त्याच्या भिंतीत गाठ होती, नेहमीच्या कॅन्सरपेक्षा वेगळी, क्वचित आढळणारी. तिच्यातून आतल्या आत रक्त जात होतं.

"जठराचा तेवढा भाग गाठीसकट काढू," बाई म्हणाल्या. "गाठ न फुटता अख्खी बाहेर आली पाहिजे. ती केवढी आहे, तिच्या पेशी किती भराभर वाढतायत, त्यावर पुढचं ठरेल."

"मी वाचेन ना?"

"ही गाठ काढल्यावर पुष्कळ लोक वर्षानुवर्षं जगतात. तुमचं मात्र तपासणी झाल्याशिवाय सांगणार नाही."

गाठ अख्खी निघाली. पण पेशी भराभर वाढणाऱ्या होत्या, म्हणजे ती परत येण्याची शक्यता बरीच. काही वर्षं रोज गोळी आणि ठरावीक महिन्यांनी स्कॅन. मास्तर बरे झाले असं सगळे म्हणत, आणि मास्तर आंघोळीला गेले की पोट चाचपत बसत.

पुढे पँट घट्ट होऊ लागली.

कुणालाही आनंद झाला असता. मास्तरांची झोप उडाली. अन्न अंगी लागतंय की आत ती पुन्हा वाढतेय, हे टेपला थोडंच कळतं? त्यांनी कमरेचं बटण उघडं ठेवून वर सदरा सोडायला सुरुवात केली. पुन्हा तीच लपवाछपवी.

स्कॅनच्या आदल्या दिवशी बायकोला ते बटण दिसलंच.

"अहो, सैल करून घ्या की. लोकांच्या करता ना?"

"आत कापड नाही."

"तुमच्या पँटमध्ये?"

"कापून टाकलं. तेव्हाच."

तिने पँट उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे डॉक्टरकडे जायच्याही आधी तुम्ही ठरवून मोकळे झालात, की आता हे अंग पुन्हा भरायचं नाही."

"भीती वाटत होती गं. अजून वाटते."

"मला नाही वाटत? पण मी सांगू कुणाला? तुम्ही सदऱ्याआड लपलेले."



दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंच्या दाराबाहेर बसले असताना त्यांनी सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला होता. बाईंनी पडद्यावरची चित्रं सावकाश पाहिली.

"गाठ दिसत नाही. पोट सुटलंय तुमचं, मास्तर."

मास्तर हसले नाहीत. पुढचा स्कॅन कधी, एवढंच त्यांनी विचारलं.

परतताना बायकोने नव्या पँटचं कापड घेतलं आणि दुकानात येऊन टेबलावर पसरलं. मास्तरांनी खडू उचलला. कमरेपाशी आल्यावर हात तिथेच थांबला. बायकोने आपली दोन बोटं कापडावर टेकवली.

मास्तरांनी रेघ त्या बोटांच्या पलीकडून ओढली.