पांढऱ्या दोऱ्याची नळी

"हे काम रिया लीड करेल," डॉ. मिलर म्हणाल्या आणि त्यांनी पुठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

मी तोवर हात पुढे केला होता. तो तसाच पुढे नेऊन कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा. त्यावर काचेच्या दोन बारीक, दोन्ही टोकं बंद केलेल्या नळ्या मळकट दोऱ्यानं बांधलेल्या. दोन्ही नळ्यांत मधोमध एक काळपट, चकचकीत डाग. खाली फिकट शाईत केस नंबर. इंग्रजी अमदानीत आपल्याकडच्या एका सरकारी रसायन प्रयोगशाळेनं तयार केलेला हा पुरावा. प्रयोगशाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका साहेबाची ट्रंक फिरत फिरत अमेरिकेतल्या एका लहानशा म्युझियममध्ये आली होती आणि म्युझियमनं हा पुठ्ठा तपासायला आमच्याकडे पाठवला होता.

आमची लॅब नेपरव्हिलच्या बाहेर आहे. पाणी, रंग, धातू, जुन्या वस्तू, सगळं तपासतो. माणसं वीस. त्या वीस जणांत त्या हिंदुस्थानी प्रयोगशाळेच्या फरशीवर पाय ठेवलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. अमेरिकेत येण्याआधी मी तिथं सात वर्षं नोकरी केली होती. हे डॉ. मिलरना ठाऊक होतं. तरी काम रियाला.

रिया इथंच, नेपरव्हिलमध्ये जन्मलेली. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठातून पीएचडी करून आमच्याकडे आली. वय एकतीस. एकटी भेटली की मला श्रीकांतकाका म्हणायची, मीटिंगमध्ये नुसतं श्रीकांत. मी सत्तावन्न वर्षांचा. तिच्याआधी लॅबमधला कुठलाही नमुना अडला की लोक माझ्या टेबलाशी येत. आता माझ्या टेबलावरून पुढे तिच्याकडे जात. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. तिची कार बर्फातही एका फटक्यात सुरू व्हायची, त्याचाही मला राग यायचा.

आता नळ्यांबद्दल. त्या काळी विषप्रयोगाचा संशय आला की मेलेल्या माणसाच्या पोटातले अवयव बरणीत भरून, लाखेचं सील लावून जिल्ह्यातून या प्रयोगशाळेत पाठवत. तिथं त्यांचा अर्क जस्त आणि अॅसिडमध्ये टाकायचा. जो वायू निघेल तो एका बारीक नळीतून सोडायचा आणि नळी एका जागी तापवायची. अर्कात आर्सेनिक, म्हणजे सोमल असला, तर नळीत काळा चकचकीत डाग धरतो. त्याला 'आरसा' म्हणायचे. नळी बंद करून, पुठ्ठ्याला बांधून कोर्टात दाखवायची. आरसा दिसला की आरोपीचं कठीण.

या पुठ्ठ्यावरची आरोपी सखू नावाची एक बाई. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप. फिर्याद गावच्या पाटलाची, ज्याच्याशी नवऱ्याचं जमिनीवरून भांडण होतं. सखूला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती परत आली नाही. मागे एक लहान मुलगा राहिला.

त्या मुलाची नात इथं अमेरिकेतच, प्लेनोला राहते. शकुंतलाबाई, पंचाहत्तरीच्या, निवृत्त नर्स. कोर्टाच्या कागदावरचा नंबर घेऊन त्यांनी म्युझियम शोधून काढलं होतं. पहिल्याच फोनवर त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं.

"जय भीम. माझा भाऊ नागपूरला असतो, अठ्ठ्याऐंशीचा आहे. गावात आम्ही विहार बांधलाय. घराण्यातल्या गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची आहेत. पणजीचं नाव घालायचं की नाही, यावरून घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो, तिनं नवऱ्याला मारलं नाही हे कळू दे, मग सगळ्यात वर तिचंच नाव घालू. तुम्ही काय ते खरं सांगा."

रियापुढे प्रश्न सोपा होता. डाग आर्सेनिकचाच आहे की दुसऱ्या कशाचा? अँटिमनी नावाचा धातूही असाच आरसा धरतो. रियानं नळ्या न उघडता एक्सआरएफ केलं. म्हणजे डागावर एक्स-रे सोडायचे आणि त्यातून कुठली मूलद्रव्यं उत्तर देतात ते बघायचं.

इथं एक मेख आहे. शिसं आणि आर्सेनिक या दोघांची मुख्य खूण आलेखावर एकाच जागी येते, आणि जुन्या काचेत शिसं असू शकतं. नवखा माणूस हमखास फसतो. मी आशेनं तिच्या टेबलाशी गेलो.

"शिशाचं काय केलंस?"

"काका, मी दुसरी लाइन वापरली, तिथे लेड येत नाही. आणि डागाच्या बाजूची क्लीन काच पण रन केली. तिथे काहीच नाहीये." तिनं आलेख दाखवला. "दोन्ही ट्यूब्जमध्ये आर्सेनिकच आहे. डुप्लिकेट्स असणार ना? दोनदा टेस्ट केली, दोनदा सेम."

चूक काढायला गेलो होतो, शाबासकी देऊन परत आलो. जागेवर येऊन बसलो आणि रागारागानं तिनं काढलेले फोटो उघडले. स्क्रीनवर पुठ्ठा मोठा केला.

तेव्हा दोरे दिसले. डोळ्यांना दोन्ही मळकट वाटले होते. मोठं केल्यावर एक लाल होता, विटून विटकरी झालेला. दुसरा पांढरा.

मी सरळ होऊन बसलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथल्या बाबुरावांनी, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या लॅब अटेंडंटनी, मला दटावलं होतं. "साहेब, लाल दोरा मालाला, पांढरा दोरा कोऱ्याला. हे पुस्तकात नाही. माझ्या आज्यानं बापाला सांगितलं, बापानं मला."

माल म्हणजे तपासायचा अर्क. कोरी नळी म्हणजे आम्ही ज्याला ब्लँक म्हणतो ती. अर्क न घालता नुसतं जस्त आणि अॅसिड घेऊन तीच टेस्ट करायची. ती नळी स्वच्छ राहिली पाहिजे. कारण जस्तातच पुष्कळदा आर्सेनिक असतं. कोऱ्या नळीत आरसा आला तर जस्त खराब, आणि टेस्ट फुकट.

पुठ्ठ्यावरची कोरी नळी काळी होती, लाल दोऱ्याच्या नळीइतकीच. दोरे बांधणारा अटेंडंट, सही करणारा साहेब. साहेबाला दोऱ्यांची भाषा येत नसावी. त्यानंही रियासारखंच दोनदा आर्सेनिक मोजलं आणि सखूला काळ्या पाण्यावर पाठवलं.

हे त्याच मिनिटाला उठून सांगायला हवं होतं. मी उठलो नाही. तीन आठवड्यांनी फायनल मीटिंग होती. शकुंतलाबाई प्लेनोहून येणार होत्या, म्युझियमची माणसं येणार होती, डॉ. मिलर असणार होत्या. रिया तिचे सुंदर आलेख दाखवेल, आणि मग मी बोलेन. सगळ्यांसमोर. माझी वाक्यंसुद्धा ठरली होती. कार चालवताना ती मी मोठ्यानं म्हणून बघत असे.

दोन दिवसांनी रिया माझ्याकडे आली. मीटिंग नव्हती, म्हणून काका.

"काका, शकुंतला मावशींचा फोन होता. त्यांचे ब्रदर खूप वीक झालेत. त्या म्हणतायत, रिझल्ट आत्ताच सांग, मीटिंगपर्यंत थांबवत नाही. सांगू का? तू त्या लॅबमध्ये होतास. आय डोन्ट वॉन्ट टू बी राँग. मी काही मिस करतेय का?"

मी तिच्याकडे बघितलं. खरंच विचारत होती.

"तूच लीड आहेस," मी म्हणालो. "तू ठरव."

ती गेली. ती फोन करणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मीटिंगच्या दिवशी शकुंतलाबाई पांढऱ्या साडीत, वर जाड कोट घालून आल्या. रियानं आलेख दाखवले. शेवटी डॉ. मिलरनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मी उभा राहिलो. फोटो मोठा केला. दोरे दाखवले. बाबुराव, लाल दोरा, पांढरा दोरा, कोरी नळी, जस्त, सगळं ठरल्याप्रमाणे, एकही शब्द न चुकता. डॉ. मिलर चष्मा काढून बघत राहिल्या. मला फार बरं वाटलं.

रिया लाजली नाही, चिडली नाही. म्हणाली, "एका मेमरीवर रिपोर्ट बदलता नाही येणार. ट्रंकमध्ये अजून कार्ड्स आहेत ना?" म्युझियमच्या बाईंनी लॅपटॉपवर त्यांचे फोटो उघडले. असे आणखी नऊ पुठ्ठे होते. एकेक मोठा करून बघितला. नवांवरही लाल आणि पांढरा दोरा. नवांवरही पांढऱ्या दोऱ्याची नळी स्वच्छ. फक्त सखूच्या पुठ्ठ्यावरची काळी.

मला आठवणीनं कळलं होतं, तिनं दहा मिनिटांत सिद्ध केलं. त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला.

शकुंतलाबाईंनी रियाला विचारलं, "म्हणजे पणजीनं विष घातलं नव्हतं?"

"मावशी, ते नाही सांगता येणार. पण या टेस्टवरून तिला गिल्टी म्हणताच येत नाही. टेस्टच खराब होती."

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हे तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न मी कारमध्ये म्हणून बघितला नव्हता.

"तीन आठवडे झाले," मी म्हणालो.

रिया माझ्याकडे बघत होती. "मी तुला विचारलं होतं, काका," ती म्हणाली. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच काका.

शकुंतलाबाईंचा आवाज चढला नाही. "या पोरीनं मला फोनवर सांगितलं, आर्सेनिक आहे. मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, नको मग तिचं नाव. दगड कोरून झाला, बसवला. चार दिवसांनी त्याला झटका आला. आता डोळे उघडे असतात, पण काय कळतं काय नाही, कोणी सांगत नाही."

त्यांनी पर्समधून फोन काढला, तिथूनच नागपूरला लावला आणि पुतण्याला फोन भावाच्या कानाशी धरायला सांगितलं.

"दादा, शकू बोलतेय. आपल्या पणजीनं काही केलं नव्हतं रे. टेस्ट चुकीची होती. ऐकतोयस का, दादा?"

रिया जे म्हणाली होती त्याहून त्यांनी जास्तच सांगितलं. कोणी दुरुस्त केलं नाही. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. मग फोन ठेवून कोटाची बटणं लावली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागता?"

पुढे विहारात सखूच्या नावाचा वेगळा दगड बसला. त्याचा फोटो त्यांनी रियाला पाठवला, मला नाही. त्यांचे भाऊ तो बघायला राहिले नाहीत.

रिपोर्ट रियानंच लिहिला. त्यावर पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. मी तिला म्हणालो, असं करू नकोस. ती म्हणाली, "फाइंडिंग तुझं आहे, श्रीकांत." तेव्हापासून एकटी भेटली तरी ती मला श्रीकांतच म्हणते.

नव्यानं येणाऱ्यांना मी आता पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: ब्लँक आधी चालवा, आणि त्यात काही दिसलं तर त्याच मिनिटाला उठून सांगा. रिपोर्टची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पहिलं नाव माझं आहे, आणि ती मी घरी अजून कोणाला दाखवलेली नाही.